सिंफनीतून गाळलेली क्लॅरिओनेट

अमरावतीत आमच्या गल्लीतली माणसं मला ‘आवाज धुणारी बाई’ म्हणायची. दारावर भारदस्त नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. जिना चढून आलेला माणूस पिशवीतून एखादी कॅसेट काढायचा आणि विचारायचा, “तुमीच का जी आवाज धुता?” सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची. पुढे नुसतं ‘हो’ म्हणायला लागले. नाहीतरी काम तसंच होतं. जुन्या टेपवर बुरशी चढलेली असायची, ती कापसाने पुसायची. आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. त्यातली खरखर, टकटक, विजेची घरघर वेचून काढायची आणि राहिलेलं सीडीवर उतरवून द्यायचं.

एवढी एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला पटवताना दमछाक व्हायची, की टेपवर जे नाहीच ते मला आणता येत नाही. मी फक्त वरचं काढते. आणि वरचं काढताना खालचंही थोडं निघून येतं, डाग घासताना कापडाचा रंग उतरतो तसं. किती घासायचं आणि हात कुठे थांबवायचा, या धंद्यात शिकण्यासारखं असेल तर एवढंच. बाकी बटणं कुणीही दाबतं.

मी मूळची मूर्तिजापूरची. वडील रेल्वेत गँगमन होते आणि चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतला लाऊडस्पीकर त्यांच्या ताब्यात असायचा. त्या कर्ण्याची वायर जोडताना मी पहिल्यांदा हातात पक्कड धरली. पुढे एका नभोवाणी केंद्रात तांत्रिक विभागात नोकरी लागली, ती बरीच वर्षं केली. टेपच्या मोठ्या रिळांची, म्हणजे स्पूलची, मशीन्स मोडीत निघाली तेव्हा त्यातलं एक मी घरी आणलं आणि थोड्याच दिवसांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून वरच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, खिडकीला जाड पडदा लावला, आणि काम सुरू केलं.

ती वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. सकाळच्या पेपरात शेतकऱ्यांबद्दल जे यायचं ते सगळ्यांनी वाचलं आहे, त्याबद्दल मी नव्याने काय सांगणार? माझ्याकडे त्या बातमीचा पुढचा भाग यायचा. घरातला माणूस गेला, की काही दिवसांनी कुणाला तरी आठवायचं, अमक्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये त्याचा आवाज आहे. मग ती कॅसेट घेऊन कुणीतरी जिना चढायचं.

चांदूर बाजाराकडच्या एक बाई आल्या होत्या. नणंदेच्या हळदीची कॅसेट होती. त्यात त्यांचे मालक कुणालातरी ओरडून सांगतात, “अरे, पाव्हण्यायले पाणी द्या रे!” एवढंच एक वाक्य. मी ते घासूनपुसून लख्ख केलं. बाईंनी ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “आवाज त्याइचाच हाये जी. पण हे कुठं उभे राहून बोलून राह्यले? जनरेटर कुठं गेलं?” मागे जनरेटर धडधडत होता, तो मी शत्रू समजून काढून टाकला होता. तो जनरेटर मालकांनी स्वतः हिंडून आणला होता आणि सबंध हळदीभर ते त्याच्याभोवती फिरत होते. मी त्यांच्यासमोर तो पुन्हा आत घातला. बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मान हलवली.

अशा दिवसांत इनायत मास्तर आले. त्यांच्या पिशवीत मात्र कुठलं लग्न नव्हतं, कुणाची हळद नव्हती.

मास्तर अकोल्याच्या जुन्या शहरातले. उंच, वाळलेले, पांढरीशुभ्र पायजमा-बंडी, डोक्यावर टोपी. दात गेल्यामुळे ओठ आत वळलेले. सोबत मुलगी रुखसाना, चाळिशीची, तिथल्याच एका उर्दू शाळेत शिक्षिका. पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरून दोघं ऑटोने आले होते. मास्तरांनी मांडीवर एक गाठोडं सोडलं. आत पत्र्याचा गोल डबा, त्यात तपकिरी टेपचं जुनं स्पूल. झाकण उघडल्याबरोबर आंबूस वास खोलीभर पसरला. जुनी टेप विरायला लागली की असा वास येतो.

“बाई, ह्याच्यात सिंफनी हाये,” मास्तर म्हणाले.

मी नभोवाणीत काढलेल्या वर्षांत भजनं, भारुडं, कव्वाल्या, शेतीचे सल्ले, सगळं हाताळलं होतं. सिंफनी माझ्या खोलीत कधी येईल असं वाटलं नव्हतं. वाचकांपैकी कुणाला ठाऊक नसेल तर सांगते. सिंफनी म्हणजे साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवायची, बहुधा चार भागांची मोठी रचना. शब्द नसतात. आपल्याकडे गवई बैठकीत सुचेल तसं वाढवतो, तसंही तिथे नसतं. प्रत्येकाने कुठला स्वर केव्हा वाजवायचा ते लिहून दिलेलं असतं. ही सिंफनी युरोपातल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराची. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, आणि चुकीचं छापून येण्यापेक्षा न दिलेलं बरं.

“ताई, यात अब्बांचा सोलो आहे,” रुखसाना म्हणाली. “दुसऱ्या भागात. क्लॅरिओनेटचा. अब्बा तेव्हा बंबईला होते.” तिने माझ्याकडे थोडं सरकून आवाज खाली आणला. “डॉक्टर म्हणतात, कान जास्त दिवस साथ देणार नाहीत. तोवर एकदा त्यांनी ऐकावं. आणि मीसुद्धा.”

मास्तरांचं घराणं बँडवाल्यांचं. चाचांच्या बँडमध्ये लहानपणापासून क्लॅरिओनेट वाजवली, मग मुंबई गाठली. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या रांगेत बसायला मिळालं. एका गोव्याच्या वादकाने लिखित स्वर वाचायला शिकवले. त्याच्याच ओळखीने ते हौशी लोकांच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात शिरले. त्यात पारशी होते, गोवेकर होते, नौदलाच्या बँडमधले होते, दोन-चार गोरे होते. आणि अकोल्याच्या वरातीत वाजवणारे एकटे मास्तर. पुढे चाचा वारले आणि बँड सांभाळायला ते परत आले. तेव्हापासून गावोगावच्या वराती. ढोल-ताशाच्या शेजारी आयुष्य काढून कान गेले होते.

मी टेप ठेवून घेतली.

रीमास्टरिंग म्हणतात ते हे काम. नव्याने काही वाजवायचं नसतं. जे वाजलं ते जितकं जमेल तितकं आजच्या कानापर्यंत आणायचं. ही टेप इतकी कडक झाली होती की मशीनवर ताण पडला की तुटायची. जिथे तुटेल तिथे जोडायची, जोड सुकू द्यायचा, पुन्हा लावायची. त्यात तो उन्हाळा. भारनियमनाने दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. वीज आली की मशीन, गेली की हातात पुठ्ठा घेऊन वारा.

टेप बरोबर वेगाने चालली आहे की नाही, ही दुसरी पंचाईत. वेग थोडा चुकला तरी सगळे स्वर खाली घसरतात, आणि ही सिंफनी मुळात कशी वाजते ते मला कुठे माहीत होतं? उपाय टेपवरच सापडला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक घरघर उतरली होती. आपल्याकडे ती नेहमी एकाच ठरलेल्या स्वरात असते. माझ्या मशीनवर ती किंचित खाली येत होती. ती जाग्यावर येईपर्यंत मी वेग वाढवला आणि सगळा ऑर्केस्ट्रा जाग्यावर आला. मग ती घरघर मी काढून टाकली.

बऱ्याच दिवसांनी काम ऐकवण्यासारखं झालं, तेव्हा दोघांना बोलावलं.

मास्तरांना हेडफोन दिला, आमच्यासाठी स्पीकर लावले. पहिला भाग मोठा आणि दणदणीत होता. मास्तर एका बोटाने ताल धरून होते. दुसरा भाग सुरू झाला तसं रुखसानाने खुर्ची पुढे ओढली. संथ, खोल सुरावट. पण ती क्लॅरिओनेटची नव्हती. हॉर्न नावाचं पितळी वाद्य असतं, त्याची होती. रुखसानाने वडिलांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. हॉर्नची सुरावट लांबत गेली, उतरली, आणि तिच्या शेवटाला धरून खालच्या पट्टीत क्लॅरिओनेट आली. वर व्हायोलिनांचा थरथरता पडदा होता आणि त्याच्याआडून ती ऐकू येत होती. मास्तरांनी बोट वर केलं.

“हे. हे मी.”

थोड्याच वेळात सगळी वाद्यं एकदम आली आणि ती त्यात बुडाली.

“बस?” रुखसाना म्हणाली. “ताई, मधलं काही गळलंय का? टेप तुटली होती म्हणालात ना?”

मी सांगितलं, या भागात टेप कुठेही तुटली नव्हती.

तिने मास्तरांच्या कानावरचा हेडफोन काढला आणि मोठ्याने विचारलं, “अब्बा, पूरा सोलो था ना? तुम्ही म्हणायचे, क्लॅरिओनेट एकटी, बाकी सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. ते कुठे आहे?”

“ते पयल्या कापीत हाये,” मास्तर शांतपणे म्हणाले.

कापी म्हणजे वादकापुढची स्वरांची लिखित प्रत. मग त्यांनी सांगितलं ते असं. संगीतकाराने ही सिंफनी ऐन उमेदीत लिहिली होती. फार लांब झाली म्हणून लोकांनी नावं ठेवली. म्हातारपणी त्याने ती पुन्हा हातात घेतली, कुठे कापली, कुठे एका वाद्याचं दुसऱ्याला दिलं. त्यामुळे तिच्या दोन आवृत्त्या झाल्या. मुंबईत परदेशातून भाड्याने स्वरलिपी आली ती पहिल्या आवृत्तीची. सगळ्यांनी तीच बसवली. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला क्लॅरिओनेट एकटी होती.

“खाली कोणी नाई, वर कोणी नाई,” मास्तर म्हणाले. “खोलीत भित्तीकडं तोंड करून पाठ केलतं मी. मंग वाजवून घेनारा कंडक्टर आला, इलायतेहून. त्यानं येतायेता दुसऱ्या कापा आणल्या. म्हणे, मराच्या आंधी संगीतकारानंच बदलवलं, त्याले हेच पाह्यजे होतं. माह्या पानावरचं हॉर्नवाल्याले गेलं. राह्यलं ते थोडकं, अन् त्याच्यावरबी व्हायोलिनं घातले.”

“मग तुम्ही काय केलं?” मी कानाशी जाऊन विचारलं.

“काय करतो? पान बदललं.”

रुखसाना पदराच्या टोकाला पीळ देत होती. मास्तर काहीतरी आठवून माझ्याकडे वळले.

“पण बाई, तुमी व्हायोलिनं काहून काढून टाकले?”

“कुठे काढले, मास्तर? आहेत ना.”

“नाईत जी. होते तवा. आता नाईत.”

मी तो तुकडा पुन्हा लावला, आवाज वाढवला. स्पीकरमधून व्हायोलिनं लख्ख ऐकू येत होती. मास्तर हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसले होते आणि नकारार्थी मान हलवत होते. मग ती मान थांबली. त्यांच्याही लक्षात आलं असावं. उतारवयात कान जातात ते वरच्या पट्टीकडून जातात. व्हायोलिनं वर होती, ती गेली होती. क्लॅरिओनेट खालच्या पट्टीत होती, ती राहिली होती.

“मले एकटी क्लॅरिओनेटच आयकू येऊन राह्यली,” ते म्हणाले.

रुखसाना उठून खिडकीपाशी गेली आणि पडदा बाजूला करून खाली रस्त्याकडे पाहत राहिली. मास्तर म्हणाले, “अजून एकदा लावा.” मी लावलं. ते म्हणतील तितक्यांदा लावत राहिले. त्यांचा चेहरा दुःखी होता असं मी म्हणणार नाही. एकाग्र होता.

त्यानंतरच्या एका रविवारी रुखसाना एकटीच आली. तिने पर्समधून एक सीडी काढली. शाळेतल्या कुणाच्या तरी मुंबईच्या नातेवाइकाकडून मागवली होती. कुठल्यातरी परदेशी ऑर्केस्ट्राने वाजवलेली त्याच सिंफनीची पहिली आवृत्ती. आम्ही दोघींनी दुसरा भाग ऐकला. खरंच, क्लॅरिओनेट एकटी होती. सुरुवातीला इतकी हळू की वाजायला लागली केव्हा ते कळू नये. मग ती चढत जाते, एका जागी अडते, पुन्हा खाली येते आणि पहिल्याहून हळू तेच म्हणते. मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण हे गाळायला त्या माणसाचा हात कसा धजला, असं वाटून गेलं.

“ताई, हे इथून घेऊन अब्बांच्या टेपमध्ये बसवता येईल?” रुखसानाने विचारलं.

“बसवता येईल.”

“कळेल कुणाला?”

मी खरं ते सांगितलं. त्यावर थोडी खरखर, मास्तरांच्या टेपवरच्या हॉलचा थोडा घुमारा चढवला, की कुणालाही कळलं नसतं.

“मग करा. टेपच्या दुसऱ्या बाजूला सरावाचं रेकॉर्डिंग सापडलं म्हणून सांगू. अब्बांचे कान असे झालेत, त्यांनाही कळणार नाही.”

मी सीडी काढून डबीत घातली. ती बोलतच राहिली.

“बँड बंद झाल्यापासून अब्बा घरात बोलत नाहीत, ताई. कापसाची ही अशी हालत, लग्नं दारातल्या दारात उरकतात लोक. ज्यांच्याकडे आहे ते डीजे लावतात. ढोल पडून आहेत, ड्रेसला उंदीर लागले. मी लहान होते तेव्हा शाळेत पोरी चिडवायच्या, बँडवाल्याची मुलगी म्हणून. मी त्यांना सांगायची, माझ्या अब्बांनी बंबईच्या मोठ्या हॉलमध्ये एकट्याने वाजवलंय आणि साहेबलोक श्वास धरून बसले होते. मी त्या एका गोष्टीवर शिकले, नोकरीला लागले. आता म्हणतात, पान बदललं.” “एवढंसं करायला तुमचं काय जातं?”

माझं काय जात होतं, ते मलाही पटकन सांगता येईना. त्याच टेपच्या पहिल्या भागातला कुण्या श्रोत्याचा खोकला मी काढला होता. जोडाच्या जागी निसटलेले स्वर शेजारचे घेऊन सांधले होते. खोकला काढला तर चालतो, तुकडा सांधला तर चालतो, मग सोलो का चालत नाही? तरी हात पुढे जाईना. तो दुसऱ्या कुणाचा तरी श्वास होता.

“मास्तरांना विचारा,” मी म्हणाले. “ते हो म्हणाले तर करून देते.”

“त्यांना विचारल्यावर मग राहिलं काय?” ती उठली. “तुम्ही मशीनवाल्या बाई. तुम्हाला नाही कळायचं.”

ती सीडी टेबलावर तशीच सोडून ती जिना उतरली. तो रविवार मला कसनुसाच गेला. मुलीने बापासाठी एक खोटं मागितलं होतं आणि मी नियम सांगितला होता. मी बरोबर केलं का, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काही आठवडे काहीच कळलं नाही. मग एक दिवस भर दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. दोघंही घामाने निथळत होते. मास्तर खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “काय बाई, तुमी दुसऱ्याची फुंक माह्या नावावर लावनार होत्या म्हणे?”

मी रुखसानाकडे पाहिलं. ती लाजून हसली. “सांगून टाकलं, ताई. तयार सीडी न्यायला निघालो होतो, गाडीत मूर्तिजापूर गेलं आणि राहवेना. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगावं लागलं. सगळ्या डब्याला कळलं.”

“एक बुढा त म्हणे, लावून घ्या ना चाचा, कोन पाहून राह्यलं!” मास्तर बोळक्या तोंडाने हसले. मग हसू ओसरलं आणि ते मुलीकडे वळले. “तुले ते आयकाचं होतं, त मले काहून नाई म्हटलं?”

“तुमचे दात गेले, अब्बा. क्लॅरिओनेट तोंडात धरवत नाही तुम्हाला.”

“दात क्लॅरिओनेटले लागते. गळ्याले लागते का?”

मी उठले. कूलर बंद केला, पडदा नीट ओढला, मास्तरांच्या पुढ्यात माइक ठेवला. काय होणार आहे ते रुखसानाला एव्हाना समजलं होतं. मास्तरांनी टोपी काढून तिच्या हातात दिली, पाठ सरळ केली आणि दोन्ही हात पुढे धरले. बोटं क्लॅरिओनेटवर असावीत तशी.

बँडमधले लोक चाल बसवताना ‘ता-रा-री’ करून गातात, तसं त्यांनी सुरू केलं. आवाज फाटका होता. वरच्या जागी पोचत नव्हता. तिथे ते नुसती बोटं हलवायचे आणि खाली आल्यावर पुन्हा सूर धरायचे. मी त्या परदेशी सीडीवर ऐकलेली तीच सुरावट होती. ती अडते ती जागा आली तेव्हा मास्तरही अडले. आठवत नव्हतं की जागाच तशी होती, मला कळेना. डोळे मिटलेले, बोटं हवेत. रुखसानाने टोपी छातीशी धरली होती. मग ते पुढे गेले, हळूहळू खाली आले, आणि सुरुवातीचंच पुन्हा, पण इतकं हलकं की माइकने ते घेतलं की नाही याची मला धास्ती वाटली.

“झालं,” ते म्हणाले.

उकाड्याने खोलीत जीव घुसमटत होता, तरी कूलर लावायचं मला सुचलं नाही.

“अब्बा,” रुखसाना जरा वेळाने त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “घरात कधीच का गायलं नाही हे?”

“तू लहान होती. तुले अर्धी गोष्ट सांगतली. पुढची सांगाची राहून गेली.” त्यांनी तिच्या हातातून टोपी घेतली. “तू इतकी खुश झालती का मंग सांगाची हिंमतच नाई झाली.”

मी सीडी करून दिली. आधी सबंध सिंफनी, संगीतकाराने सुधारली तशी, हॉर्न आणि व्हायोलिनांसकट. मग थोडी शांतता. मग मास्तरांचा गळा, शेवटच्या ‘झालं’सकट. ती परदेशी सीडी मी रुखसानाला परत केली. तिने पर्समध्ये टाकली आणि जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाली, “त्या दिवशी मी जास्त बोलले, ताई.” मी म्हटलं, बोलायलाच पाहिजे होतं.

पुढच्या थंडीत मास्तरांचे कान पूर्ण गेले. रुखसाना कधीमधी फोन करायची. तिच्या वर्गात ती आता मुलांना गोष्ट पूर्ण सांगते असं म्हणाली, कापा बदलल्या तिथपर्यंत. मुलं विचारतात, मग तुमच्या अब्बांना राग नाही आला? ती म्हणायची, “काय सांगू ताई, मी त्यांना विचारलंच नाही, अजूनही.”

अकोल्याहून कुणी अमरावतीला येणारं भेटलं की मास्तर त्याच्यासोबत यायचे आणि माझ्या खोलीत बसायचे. कॉम्प्युटरवर आवाज दिसतो, हे त्यांना आवडायचं. पडद्यावर तो डोंगरांच्या रांगेसारखा उमटतो, मोठा आवाज उंच, हळू आवाज बुटका. वाजायला लागला की एक उभी रेघ त्यावरून सरकत जाते. “माहं लावा,” ते म्हणायचे. ऐकू तर काहीच येत नसे. रेघेवर नजर ठेवून ते मांडीवर बोटं हलवायचे, आणि मी स्पीकर चालू ठेवायची, कारण नुसतं बघायला देणं बरं वाटत नव्हतं.

शेवटचे आले तेव्हा त्यांच्यासोबत रुखसाना होती. रेघ सरकत होती. मध्ये एका ठिकाणी, मास्तर गाताना अडले होते तिथे, डोंगर एकदम सपाट होतात. मास्तरांनी पुढे वाकून त्या सपाट जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवून श्वास घेऊन दाखवला.

त्यांनी मान डोलावली.

“इथं घेतला,” ते मुलीला म्हणाले. “बंबईले त्या दिवशीबी इथंच घेतला असता.”